मांडवा ते रेडी: खाड्यांच्या वेळेने केलेला प्रवास

महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटरचा सांगितला जातो. पण त्या किनाऱ्याने गाडी चालवायची म्हटली की किलोमीटरच्या आधी खाड्यांचा विचार करावा लागतो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा, कर्ली आणि शेवटी तेरेखोल, अशी दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. काहींवर पूल आहेत, काहींवर अजून नाहीत. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०–८२ च्या काळात पुढे आली. आता राहिलेल्या मोठ्या पुलांचे काम रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. ते पूर्ण होईपर्यंत गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे नेणे हाच सरळ मार्ग आहे. ‘जंगलजेटी’ असे स्थानिक लोक ज्या बोटींना म्हणतात, त्याच या फेरीबोटी.

या जानेवारीत मी, माझे यजमान आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या असे तिघे या मार्गाने रेडीपर्यंत गेलो. यजमान गाडी चालवत नाहीत, त्यामुळे सगळे सारथ्य माझ्याकडे होते. शहरात मी रोज गाडी चालवते, पण घाटातली अरुंद वळणे आणि उतारावरून बोटीत गाडी चढवणे या दोन गोष्टींची मला मनापासून धास्ती होती. निघण्यापूर्वी मी माहिती शोधत होते तेव्हा प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या भरपूर मिळाल्या. मात्र रांग कुठे लावायची, तिकीट कोण देतो, वाट किती पाहावी लागते, हे फारसे कुठे सापडले नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी लागली. माझ्या वाहन परवान्याची मुदत फेब्रुवारीत संपत होती. परवान्याचे नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. अर्ज परिवहन विभागाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर भरला. वयाची चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते, ते नोंदणीकृत डॉक्टरांकडून घेतले. शुल्क चारशेच्या थोडे वर झाले आणि नवा परवाना तीन आठवड्यांत टपालाने घरी आला. मी बावन्न वर्षांची असल्यामुळे तो साठीपर्यंतच मिळाला; पन्नाशी उलटल्यावर पूर्वीसारखी दहा वर्षांची मुदत मिळत नाही. दुसरे काम नंबरप्लेटचे. आमची गाडी २०१४ सालची, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे बंधनकारक झाले आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये भरून वेळ घेतली, पण ठरलेल्या दिवशी केंद्रावर गेल्यावर ‘पाटी अजून आली नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले. ती पुढच्या आठवड्यात बसली. हे काम निघण्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नये, एवढेच सांगते. पीयूसी आणि विमा ताजा होता. सगळे कागद मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये ठेवलेच, शिवाय छापील प्रतीही घेतल्या; किनाऱ्यावर पोलिसांच्या नाक्यावर कागद दाखवावे लागले तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती आणि छापील प्रतींवरच काम भागले.

निघण्याचा दिवस ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि प्रजासत्ताक दिनाची जोडून सुटी टाळली, कारण त्या दिवसांत फेरीबोटींच्या रांगा रस्त्यावर लांबवर येतात. दुसरे म्हणजे पंचांगात तिथी पाहिली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. ओहोटीला पाणी फार खाली गेले की धक्क्याचा उतार खडा होतो आणि बोटीत गाडी चढवणे नवख्याला कठीण जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. आम्ही भांगेचे दिवस साधले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी पहाटे ठाण्याहून निघून भाऊच्या धक्क्यावर आलो. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीची, सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिकीट आधी ऑनलाइन काढावे लागते आणि त्यात गाडीचा क्रमांक द्यावा लागतो. छोट्या गाडीला हजाराच्या घरात पैसे पडतात, माणसांचे वेगळे. हे महाग आहे, यात शंका नाही. पण पनवेल, पेण आणि वडखळची गर्दी वाचते आणि तासाभरात आपण अलिबाग तालुक्यात असतो. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचावे, गाडी लावल्यावर हातब्रेक ओढून गाडीतून उतरावे आणि वरच्या डेकवर जावे, एवढेच नियम आहेत. ही बोट एवढी मोठी आहे की गाडी चढवताना मला काहीच वाटले नाही. आत्या मात्र वर खुर्चीत बसूनही गप्प होती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी जन्मलेल्या आत्याने ती हकिकत घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की मांडव्याचा धक्का दिसेपर्यंत तिने हातातली पिशवी सोडली नाही.

मांडवा ते मुरूड हा भाग बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे त्याविषयी थोडक्यात. अलिबाग, चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळाव पूल, मग उजवीकडे कोर्लईचा किल्ला. कोर्लई गावात पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली अजून बोलली जाते. काशीदच्या पुढे रस्ता समुद्राला लागून जातो. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या राजपुरीतून सुटतात. होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरताना हलत्या होडीतून पाऊल टाकावे लागते, म्हणून आत्याला घेऊन आम्ही तो बेत केला नाही. सिद्दीने अखेरपर्यंत राखलेला हा किल्ला तिने धक्क्यावरून पाहिला.

खरी सुरुवात आगरदांड्याला झाली. आगरदांडा ते दिघी ही राजपुरी खाडीवरची फेरी. नकाशावर समोरचा किनारा हाताच्या अंतरावर दिसतो. रस्त्याने जायचे तर म्हसळ्याकडून मोठा वळसा पडतो. इथे बोट वेळापत्रकाने सुटते, पण गाड्या कमी असल्या की थोडी थांबते आणि गर्दी असली की भरल्याबरोबर निघते. आम्हाला पाऊण तास वाट पाहावी लागली. सुट्टे पैसे जवळ असणे फार सोयीचे. यूपीआय अनेक ठिकाणी चालते, पण खाडीच्या काठी रेंज जाते-येते आणि मागे रांग असताना पैसे अडकले की सगळ्यांचाच खोळंबा होतो.

दिघीहून दिवेआगर, आणि दिवेआगरहून शेखाडी, आरावी मार्गे श्रीवर्धन. या संपूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर रस्ता कोणता असे विचारले तर मी शेखाडीचे नाव घेईन. एका बाजूला डोंगराची धार आणि दुसऱ्या बाजूला खडकांवर आपटणारे पाणी, मध्ये जेमतेम दोन गाड्यांची वाट. सकाळच्या वेळी ऊन डोंगराच्या मागे असते, त्यामुळे डोळ्यांवर येत नाही. वळणावर हॉर्न द्यावा, आणि समोरून एसटी आली तर मुकाट्याने मागे घ्यावी. एसटीच्या चालकाला रस्त्याचा प्रत्येक दगड ठाऊक असतो आणि त्याच्यामागे पन्नास माणसांची वेळ असते, तेव्हा हा नियम मला न्याय्य वाटतो. फोटो काढण्यासाठी वळणावरच गाडी उभी करणारे पर्यटक मात्र या रस्त्याचे खरे संकट आहेत.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव. तिथे मुक्काम एका घरगुती निवासात होता. खोलीचे भाडे अठराशे रुपये, शाकाहारी जेवण माणशी दोनशे. जेवणात काळ्या वाटाण्यांची उसळ, आंबोळी आणि सोलकढी होती. पेट्रोल इथे भरून घ्यावे, कारण पुढे दापोलीपर्यंत पंपाची खात्री धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. बागमांडला ते वेशवी ही सावित्रीच्या मुखावरची, म्हणजे बाणकोट खाडीवरची फेरी. खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. ते पाहून रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी, ‘हा पूल आमच्या नातवंडांसाठी हो,’ असे म्हटले आणि सगळे हसले. वेशवीला उतरून बाणकोट, वेळास. वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव, आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनामुळे आता अधिक प्रसिद्ध. पिल्ले समुद्रात सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो, त्यामुळे आम्हाला ती दिसणार नव्हती. ज्यांना कासवेच पाहायची आहेत त्यांनी मार्चमध्ये जावे, पण उन्हाची तयारी ठेवावी.

वेळास ते केळशी आणि पुढे आडे, पाडले मार्गे आंजर्ले हा टप्पा किलोमीटरने लहान आणि वेळेने मोठा आहे. मी हिशेब ठेवला तेव्हा ताशी सरासरी वीस-पंचवीस किलोमीटरच पडत होती. गावातून जाताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात आणि मधल्या रस्त्यावर बैल, सायकल, नारळ सोलायला बसलेली माणसे असे सगळेच असते. नकाशाचे ॲप अनेकदा जवळचा म्हणून वाडीतला पायवाटेसारखा रस्ता दाखवते. अशा वेळी दुकानात विचारावे. ‘एसटी कुठून जाते?’ हा एकच प्रश्न पुरतो. एसटी जाते तिथून आपली गाडी नक्की जाते.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा आहे. पुढे विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही येतात, म्हणजे किनाऱ्याने जाणाऱ्याला एकाच प्रवासात तिन्ही पाहता येतात. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहिला. होड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते, वाळूतच ढीग मांडले जातात, बोली लावणारी बाई एका दमात आकडे म्हणत जाते आणि घेणारा फक्त मान हलवतो. तिथे चपला हातात घेऊन फिरावे.

आता दाभोळ. ज्या क्षणाची मला घरून निघाल्यापासून भीती होती, तो इथे आला. दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीच्या मुखावरची फेरी २००३ मध्ये सुरू झाली. ती नसेल तर दापोली, खेड, चिपळूण असे फिरून गुहागरला जायला शंभरावर किलोमीटर पडतात. बहामनी आणि आदिलशाही काळातले हे मोठे बंदर. समुद्राकाठची जुनी मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, ती रांगेत उभी असतानाच दिसते.

दुपारचे साडेतीन झाले होते आणि ओहोटी चालू होती. तिकीट देणाऱ्याने गाडीचा प्रकार विचारून पावती फाडली; गाडीचे आणि आमचे मिळून अडीचशेच्या आसपास झाले. माझ्यापुढे चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो आणि दोन मोटारी. बोट आली, आतल्या गाड्या बाहेर पडल्या, आणि मग खलाशाने हाताने खूण केली की गाडी वळवून उलटी आत घ्यायची. काही बोटींत सरळ जाता येते, काहींत उलटे घ्यावे लागते. ते त्या वेळी तिथला माणूस सांगेल तसे. धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवट आणि ओला होता. बोटीचा लोखंडी रॅम्प त्यावर टेकला होता आणि प्रत्येक लाटेबरोबर वीतभर घासत पुढे-मागे होत होता. त्या घासण्याचा आवाज गाडीच्या काचा बंद असूनही ऐकू येत होता. मी यजमानांना आणि आत्याला उतरायला सांगितले. यजमान उतरले. आत्या म्हणाली, ‘मी नाही उतरायची. तू घे सावकाश. तो सांगतोय ना, मग झालं तर.’

खलाशी विशीतला मुलगा होता. माझा चेहरा पाहून तो काचेजवळ आला आणि म्हणाला, ‘ताई, मागे बघू नका हां. आरशात पण नको. माझ्या हाताकडे बघा फक्त.’ तो समोर उभा राहिला आणि हात अगदी थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असे हलवू लागला. मी उलटा गियर टाकून ब्रेकवरचा पाय सैल केला. रॅम्पच्या कडेवर मागची चाके चढली तेव्हा गाडीला धक्का बसला आणि समोर बोनेटच्या वर एकदम आकाशाऐवजी धक्क्याचा उतारच दिसू लागला. क्लच जळल्याचा वास आला. मुलाने तळहात उघडून ‘येऊ दे, येऊ दे’ केले, मग मूठ मिटली. मी ब्रेक दाबला. त्याने मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला, हातब्रेक ओढायला सांगितले आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. हे सगळे दोन मिनिटांत झाले असेल. माझे तळवे घामाने ओले होते. आत्याने पदराने स्टिअरिंग पुसले.

या अनुभवातून ज्या गोष्टी उपयोगाच्या वाटल्या त्या अशा: काच खाली करून ठेवावी, म्हणजे सूचना ऐकू येतात, गाणी आणि वातानुकूलन बंद करावे, पार्किंगच्या सेन्सरचा आवाज बंद करता येत असेल तर करावा, कारण बोटीच्या कठड्याजवळ तो सतत ओरडतो आणि माणूस गोंधळतो. अडचण वाटत असेल तर स्पष्ट सांगावे. इथली माणसे रोज शेकडो गाड्या चढवतात. ती हसत नाहीत, मदत करतात. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि उतरताना गाडी सरळ बाहेर निघते, तेव्हा उलटे चढण्याचा फायदा लक्षात येतो.

धोपाव्याहून गुहागर. मुक्काम तिथेच होता. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती आणि बामणघळ पाहिली. खडकातल्या चिंचोळ्या घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळते. हे दृश्य भरतीच्या वेळीच पाहण्यासारखे असते, ओहोटीला तिथे फक्त भेग दिसते. हेदवीहून तवसाळला आणि तिथून शास्त्री नदीच्या खाडीवरची जयगडची फेरी. इथे मी स्वतःच गाडी वळवून लावली. या फेऱ्या साधारणपणे सकाळी लवकर सुरू होऊन रात्री नऊ-दहापर्यंत चालतात, पण शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवून निघू नये. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारले की ताजी वेळ कळते.

जयगडपासून पुढे रत्नागिरीपर्यंत रस्ता चांगला आहे. मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान जपले आहे, गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग होती, आणि आरे-वारे इथे घाटातून दोन्ही बाजूंचे पुळण एकदम दिसते. घाटमाथ्यावर थांबायला जागा केलेली आहे; तिथेच थांबावे. रत्नागिरीत गाडीची हवा, ऑइल तपासून घेतले, कारण पुढे मालवणपर्यंत मोठे गॅरेज शोधावे लागले असते.

भाट्ये पूल, पावस, पूर्णगड आणि मग कशेळी. कशेळीच्या कनकादित्य मंदिराची ख्याती आहेच, पण गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, कातळात कोरलेला हत्ती आम्ही मुद्दाम पाहिला. सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर एवढे हे चित्र आहे आणि त्याच्या अंगातच इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावर सावली नाही, जांभा तापतो. सकाळी दहाच्या आत जावे आणि रेषांवर पाय देऊ नये.

मुसाकाजीला आम्ही आत्यासाठी थांबलो. आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात, आणि रस्ते होण्यापूर्वी मुंबईहून गावी येण्याचा मार्ग आगबोटीचा होता. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनाऱ्याला यायचे. आत्या धक्क्यावर उभी राहून बोट कुठे थांबायची ते हाताने दाखवत होती आणि पडावात सामान कसे फेकायचे, लहान मुलांना एका हातातून दुसऱ्या हातात कसे द्यायचे, ते सांगत होती. ‘पायाखाली पाणी हलत असायचं, आणि मामा म्हणायचे, वर बघ, खाली बघू नको,’ असे ती म्हणाली. त्या दाभोळच्या मुलाने मला हेच सांगितले होते, हे तिच्याही लक्षात आले आणि ती बराच वेळ हसत राहिली. धक्क्यावरच्या टपरीत चहा दहा रुपये होता. टपरीवाल्याने तिचे गाव विचारले, मग आडनाव, मग घर कुठल्या वाडीत, आणि चहाचे पैसे घ्यायला नकार दिला.

नाटे–जैतापूरच्या पुलाने खाडी ओलांडली. पुढे विजयदुर्ग समोर दिसतो खरा, पण मध्ये वाघोटनची खाडी असल्यामुळे आत जाऊन पूल गाठावा लागतो. या वळशाला दीड तास धरावा. विजयदुर्ग १७५६ पर्यंत आंग्र्यांच्या ताब्यात होता. किल्ल्यात फिरायला दोन तास लागतात, पाणी बरोबर घ्यावे. देवगडच्या कलमांना मोहोर आला होता आणि बागांत फवारणी चालू होती, तेव्हा तेवढ्या भागात गाडीच्या काचा बंद ठेवाव्या लागल्या. आंब्यासाठी येणाऱ्यांनी एप्रिलच्या मध्यानंतर यावे. जानेवारीत ‘देवगड हापूस’ म्हणून विकायला ठेवलेल्या पेटीकडे दुर्लक्ष करावे.

देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करून मालवण. सिंधुदुर्गाचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सुरू झाले. होड्या मालवणच्या धक्क्यावरून सुटतात, परतीची वेळ होडीवालाच ठरवून देतो, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. इथे होडीत चढणे जंजिऱ्यापेक्षा सोपे, त्यामुळे आत्याही आली आणि शिवराजेश्वराच्या मंदिरात बसली. मालवणात सुरमईची थाळी साडेचारशे रुपये झाली. देवबागचा रस्ता कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर संपतो. तिथून पुढे गाडी जात नाही, म्हणून वेंगुर्ल्याला जाणाऱ्याने नेरूरपारच्या पुलाने परुळे, म्हापण असे जावे.

वेंगुर्ल्यानंतर आरवलीला वेतोबाच्या देवळात त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी चपला पाहिल्या. शिरोड्याची मिठागरे रस्त्यावरूनच दिसतात. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता. रेडीला पोहोचलो ते दुपारी एकच्या सुमारास. खाणीत १९७६ मध्ये सापडलेल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि यशवंतगड पाहून मागे फिरलो. इथे महाराष्ट्राचा किनारा संपतो. नदीच्या याच बाजूला असलेला तेरेखोलचा किल्ला गोव्यात मोडतो.

परत येताना सावंतवाडीहून मुंबई–गोवा महामार्ग धरला. खर्चाचा अंदाज द्यायचा तर राहणे प्रत्येक मुक्कामाला दीड ते अडीच हजार, आणि सर्वांत मोठा आकडा पेट्रोलचा होता, कारण घाटात आणि पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी जास्त पिते. घरी आल्यावर गाडी वरवर धुऊन भागत नाही. मिठाचे पाणी आणि वाळू खालच्या पत्र्यात, चाकांच्या आतल्या बाजूला अडकून राहते आणि गंज धरते. आम्ही गॅरेजमध्ये गाडी वर उचलून गोड्या पाण्याने खालून धुऊन घेतली. साडेसहाशे रुपये लागले. त्याच वेळी मेकॅनिकने क्लच तपासला आणि तो अजून वर्षभर चालेल असे सांगितले.